कोपरा दुमडलेला रोल

ही गोष्ट २०४३ सालची. त्या साली गडहिंग्लजात फ्रीजच्या लोण्याच्या कप्प्यात लोणी न ठेवणारी एकच बाई उरली होती. तिचं नाव हेमलता शिंत्रे. त्या कप्प्यात एका काळ्या डबीत कॅमेऱ्याचा रोल होता, ब्लॅक अँड व्हाइट, शेवटचा. बाकीचे तिने एकेक करून वापरून संपवले होते. हा मात्र राखला होता. काही जणी लग्नातलं एखादं लुगडं राखतात तसा. ते नेसायचं नसतं, पण ट्रंकेत आहे एवढं ठाऊक असलं की पुरतं.

आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत हेमलताबाई दुसऱ्यांदा नापास झाल्या.

पंच्याहत्तरी ओलांडलेल्या आणि एकट्या राहणाऱ्या माणसांची तेव्हा दर वर्षी स्मरण-तपासणी होत असे. डॉक्टर समीना नदाफ ती घेत. चाळिशीची, गोड बोलणारी बाई. घरच्या फोटोंच्या जोड्या पडद्यावर यायच्या. एक खरा, एक मुद्दाम बिघडवलेला. खरा कुठला ते सांगायचं.

"काकू, नीट बघा. घाई नाही."

"बघितलं."

"मग? डावीकडचा की उजवीकडचा?"

"दोन्ही नाहीत."

"अहो, हे तुमचे मिस्टर आहेत."

"मिस्टरांचा शर्ट आहे. कॉलर उसवून मी उलटी लावलेली, ती ओळखते मी. आत कोण शिरलंय ते तुम्ही सांगा."

डॉक्टरांना हसू आलं. मशीनला आलं नाही. त्याने लाल खूण केली.

"ह्यांच्या डाव्या डोळ्याची पापणी अर्धी खाली असायची," हेमलताबाई म्हणाल्या. "लहानपणी गोफणीचा दगड लागला होता. कायम नेम धरून बसल्यासारखे दिसायचे. लोक म्हणायचे, जयवंता, तू कॅमेऱ्यामागे उभं राहायलाच जन्माला आलास. आणि हसायचे तर अजिबात नाहीत. दुसऱ्याला हसवायचे, 'जरा हनुवटी वर, आता सासूबाईंना आठवा' म्हणून. हा कोण दात काढून बसलाय?"

डॉक्टर नदाफांनी सगळे फोटो चाळून पाहिले. हजारोंनी होते. सगळ्यांत दोन्ही डोळे सारखे होते, आणि सगळ्यांत ओठांवर हसू होतं.

"काकू," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात शेवटची तपासणी. त्यातही असंच झालं तर तुम्हाला एकटं राहता येणार नाही. तुमच्या मुलीच्या सहीने तुम्हाला तिच्याकडे किंवा म्हाताऱ्यांच्या सहनिवासात जावं लागेल. तिला एकदा बोलावून घ्या."

हेमलताबाईंचं चुकलं कुठे, हे समजायचं तर बीजचित्र म्हणजे काय ते आधी सांगायला हवं.

माणसांनी इतके फोटो काढले, इतके काढले, की ते साठवणाऱ्या यंत्रांना एखाद्या राज्याला पुरेल इतकी वीज लागू लागली. तेव्हा कुणा इंजिनिअरांच्या ध्यानात आलं की फोटो साठवायची गरजच नाही. वाढदिवसाच्या फोटोत मेणबत्ती कशी दिसते, केक कसा दिसतो, हे यंत्राला ठाऊकच असतं. मग ठेवायचं काय? कोण, कुठे, कधी, आणि उजेड कुठल्या बाजूने होता, एवढंच. ते झालं बी. आणि प्रत्येक माणसाच्या चेहऱ्याचं एक प्रतिरूप वेगळं जपून ठेवायचं. तुम्ही फोटो उघडलात की बी आणि प्रतिरूप मिळून यंत्र तो फोटो नव्याने उगवून दाखवतं. पापणी लवायच्या आत. शेतकरी तरी उभं पीक कुठे साठवतो? बियाणंच ठेवतो. २०३७ साली सगळ्यांचे जुने-नवे फोटो असे बीजचित्रांत बदलले गेले. कुणाला पत्ताही लागला नाही. उलट पूर्वीपेक्षा छान दिसतात म्हणून लोक खूश झाले.

पण पीक जमिनीचा गुण घेतंच. फोन तुमच्या डोळ्यांकडे पाहत असे. तुमची नजर कुठे रेंगाळते, कुठून पटकन निघून जाते, हे त्याला कळे. जे आवडतं ते प्रतिरूपात केसभर वाढे, जे नको वाटतं ते केसभर कमी होई. खोटं बोलायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं. जिवंत माणसाचं ठीक होतं, त्याचे रोज नवे फोटो निघत, आणि प्रतिरूप पुन्हा खऱ्याकडे ओढलं जाई. मेलेल्यांचे नवे फोटो येत नाहीत. त्यांना असते ती फक्त मागे राहिलेल्यांची नजर. त्यामुळे जगभरातली मेलेली माणसं हळूहळू हसायला लागली होती.

जयवंतराव शिंत्रे गेले २०३६ साली.

आता कुणीही विचारेल, की बाई, तुमचा तर फोटो स्टुडिओ होता. फोनवरचे सोडा, नवऱ्याचा कागदावरचा एखादा जुना, खरा फोटो नाही? नव्हता. हलवायाच्या घरी गोड खाल्लं जात नाही म्हणतात, तसं फोटोवाल्याचा फोटो कुणी काढत नाही. 'किरण फोटो स्टुडिओ'त निम्म्या तालुक्याची लग्नं निगेटिव्हवर उतरली, आणि काढणारा प्रत्येक वेळी काळ्या कापडाच्या किंवा कॅमेऱ्याच्या मागे. हेमलताबाई आतल्या खोलीत, निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीने रिटचिंग करत. त्यांच्या स्वतःच्या लग्नाचा अल्बम हिरण्यकेशीच्या पुरात भिजून एक वीट होऊन बसला होता. मतदार कार्डावरच्या फोटोत माणूस आहे की बुजगावणं, हे कार्ड देणाऱ्यालाही सांगता आलं नसतं.

तपासणी केंद्रातून परतल्यावर त्या शेजारच्या रत्नाक्काकडे गेल्या. रत्नाक्काची मिरची कांडायची गिरणी होती. पन्नास वर्षांचा शेजार, दोन्ही घरांची शिंक एकच.

"रत्नाक्का, ह्यांचा डोळा आठवतो का गं तुला?"

"कसला डोळा? दोन हुते की."

"डावा. पापणी पडलेली असायची."

रत्नाक्काने हातातला मिरचीचा खराटा टेकवला आणि विचार केला. खरंच केला, ते हेमलताबाईंना दिसलं.

"न्हाई बा. तुमच्या भिंतीवर रोज बघतो की मी. चांगलं हसत्यात भावजी. जिवंत हुते तवा जरा खवीस वाटायचे, पण ते मला म्हाताऱ्याची भीती वाटायची म्हणून आसंल."

भिंतीवरची ती चौकट केतकीने दिलेली. हेमलताबाईंची लेक, बेंगळुरूला कॉलेजात शिकवणारी. काचेच्या त्या चौकटीत दर सकाळी जयवंतराव नव्याने उगवत. घरी येऊन हेमलताबाईंनी त्या चौकटीवर टॉवेल टाकला.

त्या दिवशी त्यांना पहिल्यांदा खरं एकटं वाटलं. सात वर्षं घरात दुसरं कुणी नव्हतं, पण त्याची सवय होते. माणूस रेडिओशी बोलतं, पातेल्याशी बोलतं. हे निराळं होतं. एका माणसाचा चेहरा जगात फक्त आपल्याच डोक्यात उरलाय, आणि तेच डोकं बिघडलंय असं सगळे म्हणताहेत. मग मनात यायचं, की खरंच बिघडलं असेल तर?

केतकी मार्चच्या पहिल्या आठवड्यात आली. पन्नाशीची झाली होती, पण बॅग ठेवता ठेवता फ्रीज उघडून बघायची खोड तीच.

"आई, यात लोण्याच्या जागी अजून रोलच?"

"हात नको लावूस."

जेवताना तिने विषय काढला. गोल गोल न फिरता काढला, ते बरं झालं.

"मी सही करणार आहे, आई. तुला शिक्षा म्हणून नाही. तू बाबांनाच ओळखत नाहीस म्हटल्यावर मी तिकडे झोपू कशी?"

"मी ओळखते. तुझी भिंतच ओळखत नाही."

"बाबा हसायचे, आई! मला आठवतं. गॅदरिंगला पहिल्या रांगेत बसून हसत होते."

"पहिल्या रांगेत फोटो काढत होते ते. तुला त्यांचा चेहरा दिसलाच नसणार, समोर कॅमेरा होता."

केतकी जरा लागेल असं म्हणाली, "आणि तू काय करायचीस गं आतल्या खोलीत? नवऱ्या मुलींचे देवीचे व्रण, मस, सुरकुत्या पुसायचीस ना? तुझी पेन्सिल चालते, आणि फोनने तेच केलं की तो चोर."

"पुसायचे," हेमलताबाई म्हणाल्या. "शंभरदा पुसले असतील. पण निगेटिव्ह तिरकं करून उजेडात धर, माझी पेन्सिल चकाकते. खालचा व्रण तिथेच असतो. पुसणारीचं नावगाव सापडतं." त्या ताटात बोट फिरवत राहिल्या. "हे म्हणायचे, फिल्मचं एक बरं असतं. माणसाच्या अंगावर पडलेला उजेड तिथून निघतो आणि थेट चांदीच्या मिठावर येऊन बसतो. जिथे बसला तिथे काळा डाग. पुन्हा कितीही बघा, डाग हलत नाही. फोनवाल्याकडे उजेड येतो आणि निरोप ठेवून जातो. निरोप्या पुढे काय सांगेल ते त्याच्या मर्जीवर."

"म्हणून जगभर अजून ते चार खुळे फिल्म वापरतात?"

"पाच. मी धरून."

केतकी हसली. आईसारखं, एका बाजूने. ते हसू बघून हेमलताबाईंच्या मनात आलं, उद्या हिचंही प्रतिरूप कुणाच्या तरी नजरेने सरळ होईल, हे वाकडं हसू जाईल. आणि तेव्हा सांगायला मी नसेन.

"उद्या सकाळी तुझे फोटो काढते," त्या म्हणाल्या. "सही कर, ने मला कुठे न्यायचं तिथे. पण तुझा एक तरी खरा असू दे."

सकाळी त्यांनी फ्रीजमधून डबी काढून रोल बाहेरच्या हवेला आणला. जयवंतरावांचा जुना कॅमेरा कपाटातून काढला. त्याला बॅटरी लागत नसे. रोलच्या तोंडातून फिल्मची बोटभर पट्टी बाहेर आलेली होती. तिला ते घरात जीभ म्हणत. जिभेचा कोपरा दुमडलेला होता. हेमलताबाईंना तो दिसला, आणि बरंच वाटलं. चला, बाबांनी भरून तयार ठेवलाय. त्यांनी जीभ खाचेत सरकवली, पाठ बंद केली, खटका दोनदा पुढे घेतला. सगळं बोटांनीच केलं.

मग मायलेकी हिंडल्या. केतकी पायरीवर, केतकी गिरणीच्या दारात रत्नाक्काबरोबर शिंकताना, केतकी नदीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. प्रत्येक वेळी हेमलताबाई इतका वेळ लावत की केतकी कंटाळायची.

"काढ ना, आई!"

"थांब. फुकट नाहीये. ढग जाऊ दे."

"आणि कॅमेरा सरळ धर. बाबा काय म्हणायचे?"

"म्हणायचे, हेमाच्या फोटोतलं गडहिंग्लज कायम आंबोलीचा घाट उतरत असतं." त्या कितीही प्रयत्न करोत, त्यांचा कॅमेरा उजवीकडे थोडा कलायचाच. उभा जन्म फोटोंत गेला तरी ते सुटलं नव्हतं.

ऊन चढल्यावर केतकी दमली. रोल पुरता संपला नव्हता, तरी हेमलताबाईंनी तो गुंडाळून घेतला. दुपारी डार्करूमच्या दाराच्या फटींना चादरी लावून भर उन्हात रात्र केली. काळोखात त्यांनी फिल्म चक्रीवर चढवली. सत्त्याहत्तरीच्या उंबऱ्यावरची बोटं एकदाही अडली नाहीत. टाकीचं झाकण लागल्यावर दिवा लावला, डेव्हलपर ओतला, आणि त्यांचे वडील म्हणायचे ते स्तोत्र म्हणायला सुरुवात केली. निपाणीला त्यांच्या माहेरच्या स्टुडिओत घड्याळ नव्हतं. एकदा स्तोत्र झालं की फिल्म झाली.

"किती सावकाश म्हणतेस," केतकी कुजबुजली.

"डेव्हलपर जुना आहे. जुन्याला सावकाशच म्हणावं लागतं."

एक अक्षर चुकलं नाही. केतकीने ते मनात टिपलं.

फिल्म पक्की करणारा हायपो झाला, धुणं झालं. हेमलताबाईंनी चक्रीवरून ओली फिल्म उलगडली आणि खिडकीची चादर सारून उजेडात धरली. आणि तशाच उभ्या राहिल्या.

"काय झालं?"

"हे... हे सगळं एकावर एक आलंय."

फिल्मवर केतकी होती, पण तिच्या अंगातून एक स्टूल आरपार दिसत होतं. पायरीवर स्टुडिओचा रंगवलेला पडदा पसरला होता. रत्नाक्काच्या शिंकेवर दिव्याचा स्टँड उभा होता. चौकटींच्या रेघा एकमेकींना कापत होत्या. एकाच रोलवर दोनदा फोटो काढलेले होते. आधी कुणीतरी स्टुडिओचे काढले होते, रिकाम्या स्टुडिओचे, आणि रोल तसाच, न धुता, डबीत राहिला होता.

हेमलताबाई खाली बसल्या.

"कोपरा," त्या म्हणाल्या. "कोपरा दुमडला होता, केतके. मी बघितला. बघून घातला."

मग त्यांनी सांगितलं ते असं. निपाणीला त्यांचे वडील मोठ्या रिळातून फिल्म कापून रोल घरीच भरायचे. भरलेल्या रोलचा कोपरा दुमडायचा, म्हणजे हा नवा, तयार. इथे गडहिंग्लजला रीत उलटी. जयवंतराव काढून झालेल्या रोलची जीभ मुद्दाम बाहेर ठेवत, म्हणजे काळोखात सापडायला सोपी, आणि तिचा कोपरा दुमडत. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात हेमलताबाईंनी माहेरच्या सवयीने दुमडलेला रोल घातला, आणि एका नवरीच्या मुंडावळ्यांमधून बेंदराच्या मिरवणुकीतला बैल बाहेर आला. जयवंतराव ओरडले नव्हते. म्हणाले होते, "हेमा, इथे दुमडलेला म्हणजे झोपलेला. त्याला उठवायचं नाही."

त्यानंतर उभ्या संसारात ती चूक पुन्हा झाली नव्हती.

"आज मला वाटलं, बाबांनी भरून ठेवलाय. माझे बाबा. ते जाऊन चाळीस वर्षं झाली." त्यांनी लेकीकडे बघितलं. "तू म्हणतेस ते खरंच असेल गं. माझं बिघडतंय."

या क्षणी केतकी सही करून मोकळी झाली असती, आणि तिला दोष देता आला नसता. तिने नुसती ओली पट्टी आईच्या हातातून घेतली आणि टोकापर्यंत बघत गेली. मघाशी रोल अर्धवट सोडला होता ना, त्यामुळे शेवटच्या चौकटींवर दुसरं काही चढलं नव्हतं. तिथे पहिलेच फोटो होते, निर्मळ.

"आई," ती म्हणाली. "हे बघ."

शेवटच्या चौकटीत स्टुलावर एक माणूस बसला होता.

त्यांनी लगेच लाल दिव्याखाली त्याची प्रिंट काढली. कागद जुना, त्यामुळे पांढरं ते सगळं राखाडी आलं. ट्रेमध्ये आधी पडदा उमटला, मग स्टूल, मग कॉलर, आणि कॉलरीवर जयवंतराव. डावी पापणी अर्धी मिटलेली. हसत नव्हते.

"हेच," हेमलताबाई म्हणाल्या. "हेच माझं माणूस." आणि मग गोंधळल्या. "पण इतके वाळले होते?"

मान कॉलरमध्ये सैल झाली होती. गालांत खड्डे. मनगटावरचं घड्याळ कोपराकडे घसरलेलं. हेमलताबाईंच्या डोक्यात सात वर्षं जो जयवंत होता त्याची पापणी पडलेली होती, पण अंग भरलेलं होतं.

"इतकेच वाळले होते," केतकी म्हणाली. तिचा आवाज एकदम लहान मुलीसारखा झाला. "शेवटी दर शनिवारी मी आंघोळ घालायला यायचे, आई. मला आठवतं. हाच चेहरा. हा मला नको होता. ते गेल्यावर मी त्यांचे आधीचे फोटो उघडून बसायचे, तासन् तास. जरा बरे दिसतात ते. जरा हसल्यासारखे वाटतात ते." ती थांबली. "म्हणजे मीच गं. मीच बघून बघून त्यांना असं केलं."

"तू नुसतं बघितलंस," आई म्हणाली. "बापाकडे बघितलंस. बघून बदलते अशी वस्तू ज्याने केली, त्याला विचार."

प्रिंट वाळत होती. केतकीने डोळे पुसले, आणि मास्तरीण असल्यामुळे असेल, लगेच पुरावा करायला धावली. फोन काढून तिने प्रिंटचा फोटो घेतला, डॉक्टरांना पाठवायला. पडद्यावर जयवंतराव आले. दोन्ही डोळे उघडे, गाल भरलेले, ओठ किंचित विलग. तिने पुन्हा घेतला. पुन्हा तेच. एका हातात पापणी पडलेला बाप आणि दुसऱ्या हातात हसणारा, अशी ती बराच वेळ उभी होती.

"हा पाठवता येणार नाही," ती शेवटी म्हणाली. "हा घेऊनच जावं लागेल." मग प्रिंट तिरकी करून म्हणाली, "पण काढला कुणी? बाबा तर स्टुलावर आहेत. मी नव्हते."

हेमलताबाईंनी प्रिंट हातात घेतली. पडद्यावरचा रंगवलेला खांब उजवीकडे कलला होता. स्टूलही. सगळा स्टुडिओ आंबोलीचा घाट उतरत होता.

"मी," त्या म्हणाल्या. "मीच काढलाय. स्टुडिओ बंद करायच्या दिवसांतला असेल. आधी रिकाम्या स्टुडिओचे त्यांनी काढले असतील, आणि उरलेले माझ्या हातात दिले असतील." त्यांनी डोळे मिटले, उघडले. "मला काही म्हणजे काही आठवत नाही, केतके."

दुसऱ्या दिवशी दोघी केंद्रात गेल्या. डॉक्टर नदाफांनी प्रिंट पाहिली, मग निगेटिव्ह मागून घेऊन खिडकीशी नेलं आणि पाठ करून उभ्या राहिल्या. त्यांची स्वतःची आई दोन वर्षांपूर्वी गेली होती, हे कुणाला माहीत नव्हतं.

"मशीनला हे दाखवून उपयोग नाही," त्या वळून म्हणाल्या. "ते बघता बघताच बरं करतं. फोटोंचा भाग मी रद्द करते. बाकीचे प्रश्न तोंडी विचारते."

"डॉक्टर," हेमलताबाई म्हणाल्या, "एक चूक मात्र लिहून घ्या. मी दुमडलेला रोल घातला."

"काकू, ही चूक मी कुठल्या रकान्यात लिहू?"

"ते तुम्ही बघा. पण लिहा. डोळ्याचं माझं खरं होतं, आणि रोलचं चुकलं. दोन्ही माझंच."

डॉक्टरांनी केतकीकडे बघितलं. आता सगळं केतकीच्या सहीवर होतं. तिने पर्समधून पेन काढलं होतं, ते परत आत ठेवलं.

"आई इथेच राहील," ती म्हणाली. "दर पंधरा दिवसांनी मी येईन. आणि आई, फ्रीजमध्ये आता लोणी ठेव."

पुढे कुणाचं काय झालं ते सांगते.

डॉक्टर नदाफ बदलून साताऱ्याला गेल्या. तिथे तपासणीत त्या पडदा बंद ठेवत आणि म्हाताऱ्यांना डोळे मिटून घरच्या माणसाचा चेहरा सांगायला लावत. वरून विचारणा होई, त्या उत्तर देत, पुन्हा विचारणा होई. बढती काही मिळाली नाही.

रत्नाक्काने ती प्रिंट पाहून तोंडात बोट घातलं, आणि "मला बी असलाच पायजे, मेल्यावर मला कुणी गोरी करायला नको" म्हणून हट्ट धरला. पण रोल उरला नव्हता. ती २०४५ साली गेली. गिरणीच्या भिंतीवर तिची चौकट आहे. बरीच गोरी झाली आहे.

बीजचित्रं अजून आहेत. लोकांना आवडतात.

हेमलताबाई चार वर्षं त्याच घरात राहिल्या, रोलाशिवाय. मग खरोखरच विसरू लागल्या, तेव्हा आपण होऊन म्हणाल्या, "आता ने." बेंगळुरूला केतकीने ती प्रिंट त्यांच्या पलंगासमोर लावली, साध्या लाकडी चौकटीत. शेवटी शेवटी त्या केतकीला "ओ बाई" म्हणायच्या. प्रिंटमधला माणूस कोण, हेही त्यांना सांगता येत नसे. पण रोज दुपारी पान मांडलं की तिकडे बोट करायच्या. "ओ बाई, किती वाळलाय तो माणूस. आधी त्याला वाढा." केतकी म्हणायची, "वाढलंय, आई." मग जेवायच्या. २०५१च्या थंडीत गेल्या.

केतकी आता निवृत्त झाली आहे. आईचे फोटो तिच्याकडे हजारोंनी आहेत, सगळे बीजचित्रं. ती ते सहसा उघडत नाही, कारण दर वेळी आई थोडी तरुण झालेली असते आणि हसू सरळ झालेलं असतं. फिल्मवर आई नाही. एकही नाही. फोटो काढणारीचा फोटो काढायला तेव्हाही कुणाला सुचलं नव्हतं, तिलासुद्धा नाही.

कधी तरी ती निगेटिव्हची ती पट्टी काढते आणि खिडकीशी नेते. पायरीवर ती स्वतः, अंगातून आरपार बापाचं रिकामं स्टूल. पुढे टोकाला बाप. ती पट्टी सरळ धरते, आणि तरी सगळं उजवीकडे थोडं कललेलं असतं. मग ती मान तेवढीच कलती करून बघत राहते.